दातांच्या डॉक्टरांचा कोट

डाग कुठलाही असू दे, शाईचा, तेलाचा, गंजाचा नाहीतर लिपस्टिकचा, एकदा का तो कडककाकांच्या तावडीत सापडला की त्याची धडगत नसे. निदान कडककाका तरी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला असंच ऐकवत. कोपऱ्यावरची लाँड्री त्यांची. इस्त्री कडक, कॉलर कडक आणि जीभ त्याहून कडक, म्हणून सगळी गल्ली त्यांना कडककाका म्हणायची. आता कोणी खऱ्या नावाने हाक मारली असती तर काकांनी स्वतःच इकडेतिकडे पाहिलं असतं.

तर या कडककाकांच्या मुलीचं लग्न जमायच्या बेतात होतं. म्हणजे मुलाने आणि मुलीने आपापसात सगळं जमवून टाकलं होतं, आईबापांनी एकमेकांना बघून मान डोलवायची तेवढी बाकी होती. मुलाचे वडील टेलर, सगळे त्यांना मास्तर म्हणत. पण घरात शब्द चालायचा तो मुलाच्या आईचा. मुलीने काकांना समोर बसवून बजावलं, "बाबा, त्यांच्या आईंना शिष्ट माणसं अजिबात खपत नाहीत. थोरल्या मुलाच्या वेळी त्यांनी एक स्थळ मोडलं, का तर मुलीच्या बापाने त्यांच्या घरचा चहा अर्धा ठेवला. तुम्ही फक्त पोटभर जेवा आणि गोड बोला. माझ्यासाठी एवढं करा."

पोटभर जेवणं काकांना कधीच जड गेलं नव्हतं. गोड बोलणंही एका संध्याकाळपुरतं जमलं असतं. अडचण होती ती कोटाची. काकांच्या एकुलत्या एका कोटाची कोपरं इतकी झिजली होती की त्यात बघून भांग पाडता आला असता. एरवी ठीक, पण टेलरसमोर तो कोट घालून जायचं म्हणजे अब्रूचं खोबरं. आणि नेमका त्याच दिवशी दुकानात हँगरला लटकत होता दातांच्या डॉक्टरांचा कोट. मलईच्या रंगाचा, अस्सल लोकरीचा, नुकताच धुऊन इस्त्री केलेला. डॉक्टर तो न्यायला परवा येणार होते.

काकांनी कॉलरच्या आत टाचलेली नंबराची चिठ्ठी काढून खिळ्याला अडकवली, कोट अंगात चढवला आणि घरात येऊन काकूंसमोर एक गिरकी घेतली. काकूंनी कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकाचा कोट, त्यात हा असला रंग, त्यात बाहेर जेवायला जायचं, तुम्हाला काही भीती आहे की नाही, असं त्या एका दमात बोलून गेल्या.

"अगं, डाग पडला तर लोक कोट कुणाकडे आणतात? माझ्याकडेच ना?" काका म्हणाले. "संध्याकाळी जाईल, जेवेल, परत येऊन हँगरला लागेल. कोटाला कळणारसुद्धा नाही."

आता काकांची बाजूही ऐकली पाहिजे. मुलीने हॉटेल ठरवलं होतं कोरियन बार्बेक्यूचं. काकांची कल्पना अशी, की काहीतरी नवं असेल, ताटातून येईल, काटाचमच्याने मुकाट्याने खाऊ. आपल्या नाकाखाली काय पेटणार आहे, याची त्या बिचाऱ्याला सुतराम कल्पना नव्हती.

हॉटेलचं दार उघडलं आणि काका उंबऱ्यावरच थबकले. प्रत्येक टेबलाच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात निखारे, निखाऱ्यांवर जाळी आणि जाळीवर चरचर चरचर मांस. छतातून धूर ओढणारी जाड नळी थेट टेबलावर लोंबत होती, तरी व्हायचा तो धूर होतच होता. चरबीचे थेंब उडत होते. सगळीकडे लाल चटण्यांच्या वाट्या, किमची नावाचं कोबीचं लालभडक लोणचं, आंबट पाण्यात मुरलेला मुळा, तेलात चमकणाऱ्या बशा, आणि माणसं हाताने पानात गुंडाळून एवढाले घास तोंडात कोंबत होती. कोपरापर्यंत ओघळ. काकांनी आयुष्यभर ज्या ज्या शत्रूंशी झुंज दिली होती, ते सगळे आज इथे स्नेहसंमेलनाला जमले होते.

मुलाकडची मंडळी आधीच येऊन बसली होती. मुलगा उठला, मुलाची आई उठली. मास्तर मात्र बसल्या जागेवरूनच हसले. छातीपासून गुडघ्यापर्यंत एप्रन, त्यावर आणखी एक मोठा रुमाल पसरलेला, आणि पाठ अशी ताठ, की पाठीत पट्टी घातलीय की काय असं वाटावं. कंबर धरली असेल, असं काकांना वाटलं. मास्तरांनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि त्यांची नजर जी कोटाच्या डाव्या खांद्यावर जाऊन बसली, ती उठायलाच तयार होईना. बघतोय, बघू दे, काका मनात म्हणाले, असा कोट त्याच्या बापजन्मात शिवला नसेल.

वेट्रेस आली. तिने सांगितलं, की बसायच्या या गोल स्टुलांचं झाकण उघडतं, आत कोट ठेवा, म्हणजे वास लागत नाही आणि तेलही उडत नाही. सोय उत्तम होती. पण इस्त्री केलेला लोकरीचा कोट पिंपात कोंबायचा? लाँड्रीवाल्याने? त्यापेक्षा काकांनी स्वतःच्या पोटच्या गोळ्याला आत बसवलं असतं. त्यांनी एक एप्रन पुढून बांधला, मग एक पाठीकडून, आणि तेवढ्यानेही समाधान होईना म्हणून काकूंचा मागून घेऊन उजव्या हाताला गुंडाळला. स्टूल टेबलापासून हातभर मागे ओढलं. आता काकांचं तोंड आणि जेवण यांच्यामध्ये एक माणूस आरामात ये-जा करू शकला असता.

मुलाच्या आईच्या भुवया तिथेच वर गेल्या.

पाठोपाठ कच्च्या मांसाची बशी आली आणि सोबत एक चिमटा आणि एक कात्री. आपलं आपणच कापायचं आणि आपलं आपणच भाजायचं, हे ऐकून काकूंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, एवढंच करायचं होतं तर घरी काय वाईट होतं. पण कात्री बघितली आणि मास्तरांचा चेहरा खुलला. त्यांनी एक लांब पट्टी चिमट्यात धरली, एक डोळा मिटून तिचा अंदाज घेतला आणि एका रेषेत करकर कापत गेले. सगळे तुकडे असे सारखे, की त्यांची खिशांची झाकणं झाली असती.

"जरा मोठेच ठेवतो," ते म्हणाले. "भाजल्यावर आटणार. शिवणीत सोडतात तशी थोडी माया ठेवलेली बरी."

"बरोबर," कडककाकांच्या तोंडून निघून गेलं. "गरम पाण्यात सुती कापडाचं तेच होतं."

दोघेही क्षणभर एकमेकांकडे मोठ्या प्रेमाने बघत राहिले. इथे सगळं सुरळीत पार पडायला हरकत नव्हती. पण मुलाच्या आईने एक तुकडा भाजला, चटणीत बुडवला, हिरव्या पानात गुंडाळला आणि मोठ्या कौतुकाने काकांपुढे धरला. त्या घासाच्या बुडातून एक लाल थेंब लोंबत होता. काकांना समोरची बाई दिसेना, पान दिसेना, मुलीचं लग्न दिसेना, दिसत होता तो फक्त थेंब. ते झटक्याने मागे सरले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "नको नको, मला तसलं चालत नाही."

जाळीवरचं मांस काय तेवढं बोलत होतं. मुलाच्या आईने तो घास शांतपणे स्वतःच्या तोंडात टाकला आणि काकूंना विचारलं, की यांना आमच्यासोबत जेवायला कमीपणा वाटतो का. काकूंनी पोट बिघडल्याचं सांगितलं, त्याच वेळी मुलीने दात दुखत असल्याचं सांगितलं. दोन्ही कारणं एकदमच पोचली. मुलीने टेबलाखालून बापाला अशी लाथ घातली, की तिचा सगळा जीव त्या लाथेत उतरला होता.

काकांचा जीव कासावीस झाला. पोरीसाठी काहीही करायची तयारी होती त्यांची. पण कोटाचं काय? कोट काढावा तर आत जुना शर्ट, ज्याची पाठ इस्त्रीखाली कधीकाळी करपली होती. घालावा तर हा असा उपास. त्यांनी चिमटा मागून घेतला आणि हात लांब करून, लांबूनच किमचीचा एकेक तुकडा उचलून, मान उंच करून वरून तोंडात सोडायला सुरुवात केली. विहिरीत पोहरा सोडावा तसं ते दिसत होतं. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी जेवण थांबवलं.

मास्तरांनीच विषय बदलला. "कोट छान आहे," ते म्हणाले. "कुणी शिवला?"

"जुनाच आहे," काका म्हणाले. "होता एक टेलर."

"बरा शिवतो का?"

आता मोठेपणा मिरवायची ही काही वेळ नव्हती. पण शिवणकामातलं आपल्यालाही कळतं, हे व्याह्याला दाखवून द्यायचा मोह काकांना झाला. "ठीक आहे," ते म्हणाले. "हा डावा खांदा बघा, साफ उतरलाय. शिवणाऱ्याचं लक्ष नसणार. नाहीतर नजर गेली असेल बिचाऱ्याची."

मास्तरांचा चेहरा किमचीच्या रंगाचा झाला. ते काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी खाली स्वतःच्या मांडीवरच्या रुमालाकडे पाहिलं आणि बोलणं घासाबरोबर गिळून टाकलं. त्यांच्या बायकोने ते बघितलं. नवऱ्याला पाण्याचा पेला देत ती काकूंना म्हणाली, की आमची साधी माणसं, दिखावा आम्हाला जमत नाही, यांनी तर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःला नवी पँट शिवलीय, तीसुद्धा आजच्यासाठी. आणि मग मुलाला म्हणाली, "आटप. निघू आपण."

मुलीचे डोळे भरून आले. आता मात्र काकांनी ठरवलं, की जाऊ दे तो कोट खड्ड्यात, सगळं खरं सांगून टाकू. ते उठले, तोंड उघडलं, आणि समोरच्या दारातून दातांचे डॉक्टर बायकोला घेऊन आत आले.

काकांनी पुढची हालचाल ज्या चपळाईने केली ती त्यांच्या वयाला शोभणारी नव्हती. एप्रनसकट कोट ओढून काढला, स्टुलाचं झाकण उचललं, कोट आत, झाकण खाली. करपलेला शर्ट सगळ्या जगाला दिसला. मुलाच्या आईला वाटलं, हा माणूस आता मारामारीवर आला.

डॉक्टरांनी लांबूनच हात केला. ते थेट टेबलाजवळ आले, "वा, तुम्ही दोघं एकाच ठिकाणी," असं म्हणाले, आणि काका उभेच आहेत हे पाहून, रिकाम्या झालेल्या त्या स्टुलावर ऐसपैस बसले. स्वतःच्या कोटावर.

"माझा कोट झाला का?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालाय," काका म्हणाले. "अगदी घडी बसलीय."

"आणि मास्तर, माझं काम?"

"होत आलं," मास्तर म्हणाले. गंमत म्हणजे एवढा मोठा माणूस जवळ येऊनही मास्तर उठले नव्हते. उलट ते टेबलाखाली आणखी आत सरकले होते. डॉक्टर गप्पिष्ट. कोण कुठल्या बाजूने चावतंय हे बघत त्यांनी सगळ्यांच्या जबड्यांची चौकशी केली, आणि दाढ कशी उपटतात हे मुलाला हातवारे करून दाखवताना त्यांचं कोपर चटणीच्या मोठ्या वाटीला लागलं. वाटी उलटली, टेबलावरून घरंगळली आणि रुमाल, एप्रन सगळं चुकवून नेमकी मास्तरांच्या मांडीच्या कडेला रिकामी झाली.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "तुमची पँट गेली."

मास्तर पांढरेफटक पडले. "असू दे," ते कसेबसे म्हणाले, "तुमचीच समजा."

डाग पडला होता. ओला, ताजा, तेलकट, तिखटाचा डाग. आणि मग कडककाकांना कोट आठवेना, डॉक्टर आठवेनात, करपलेला शर्ट आठवेना. "पुसू नका!" ते गरजले. "पुसला की आत जातो." त्यांनी मास्तरांना दंडाला धरून उचललं, दोन एप्रन त्यांच्याभोवती गुंडाळले आणि ओढतच बाथरूममध्ये नेलं. पाठोपाठ वेट्रेसला हुकूम सुटले, भांडी घासायचा साबण आणा, मुळ्याच्या लोणच्याचं आंबट पाणी आणा, सगळं थंड आणा.

आत गेल्यावर काकांनी हात पुढे केला. मास्तर जरा घुटमळले, मग एप्रनच्या आडोशाने त्यांनी पँट काढून दिली. काकांनी ती उलटी केली, मागच्या बाजूने नळाखाली धरली, आणि उजेडात पहिल्यांदाच नीट बघितली. मलईचा रंग. अस्सल लोकर. बोटांना ओळख पटायला वेळ लागला नाही. सकाळी याच कापडावरून त्यांनी इस्त्री फिरवली होती.

"मास्तर," काका हळूच म्हणाले, "हे कापड..."

"कोटाच्याच ताग्यातलं," मास्तर म्हणाले. "कोट मी आधी शिवून दिला. पँट परवा द्यायचीय." आणि मग त्यांच्याने राहवेना. "आणि तो खांदा चुकलेला नाही. डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात एका बाजूने वाकतात, त्यांचा खांदाच खाली गेलाय. तो उतार मी मुद्दाम दिलाय. तुमच्या सरळ खांद्यावर तो वाकडा दिसणारच."

"म्हणजे मी आत आलो तेव्हाच तुम्ही ओळखलंत?"

"दारातच."

"मग बोलला का नाहीत?"

मास्तरांनी पाण्याखालच्या पँटकडे बोट दाखवलं. लाँड्रीवाल्यासमोर बसायचं म्हणून आपणही जरा बरं घालावं असं वाटलं, ते म्हणाले. त्याला कापडातलं कळतं.

काकांनी नळ बंद केला. हसावं की रडावं ते त्यांना कळेना. त्यांनी मान खाली घालून विचारलं, "मग आता लग्न मोडलं म्हणायचं?"

एप्रन गुंडाळलेले मास्तर एखाद्या न्यायाधीशासारखे ताठ उभे राहिले. "आधी डाग काढा," ते म्हणाले. "मग बघू."

असा डाग काकांनी जन्मात काढला नव्हता. कपड्याच्या मागे गिऱ्हाईक असतं हे नेहमीचंच, पण आज त्या चटणीच्या मागे त्यांच्या पोरीचा संसार उभा होता. साबण बोटाच्या टोकाने, कडेकडून आत, चोळायचं नाही, टिपायचं. मग आंबट पाणी. मग पुन्हा थंड पाणी, मागून. लाल गेलं, नारिंगी उरलं. नारिंगी गेलं, पिवळट उरलं. मास्तर श्वास रोखून खांद्यावरून बघत होते. शेवटी काकांनी पँट दिव्यासमोर धरली. काही नव्हतं. मलई ती मलई. मास्तरांनी डोळे टिपले आणि हात वाळवायच्या यंत्राखाली पँटचा एक पाय स्वतः धरला, दुसरा काकांनी धरला.

गरम वाऱ्यात पँट फडफडत असताना दोन्ही व्याह्यांनी पुढचंही ठरवून टाकलं. डॉक्टरांचा सूट काही रोज लागत नाही, लग्नाच्या आधी ते तो धुवायला टाकतीलच, नाहीतर कंबर सैल करून घ्यायला देतील. मग लग्नात कोट काकांनी घालायचा आणि पँट मास्तरांनी. आलटून पालटून फोटो काढायचे.

बाहेर आले तर नवाच देखावा. डॉक्टर उभे होते आणि त्यांच्या अंगात त्यांचा कोट होता. बाकी माणसं नुसती बघत होती. डॉक्टरांना बायकोची पर्स आत ठेवायची होती म्हणून त्यांनी झाकण उघडलं होतं. पण काकू काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी ठोकून दिलं होतं, की तुम्ही इथे येणार असं कळलं, म्हणून हे मुद्दाम कोट घेऊन आले, आमची घरपोच सेवा आहे. डॉक्टर भलतेच खूश होते. "याला म्हणतात काम," ते मास्तरांना म्हणाले. "शिका काहीतरी. माझी पँट अजून तुमच्याकडेच आहे." मास्तर एप्रनआड डॉक्टरांच्याच पँटमध्ये उभे राहून हो हो म्हणाले.

काकांनी भीतभीत मुलाच्या आईकडे पाहिलं. तिचा चेहरा साफ बदलला होता. साबण द्यायला गेलेली वेट्रेस परत येऊन सगळं सांगून गेली होती, की आत ते गृहस्थ या गृहस्थांची पँट स्वतःच्या हाताने धुताहेत.

"मी तुम्हाला शिष्ट समजत होते," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाचा कोट जपायला जेवणसुद्धा सोडलंत आणि जुन्या शर्टावर व्याह्याची पँट धुवायला बसलात. असं घर मिळायला नशीब लागतं." आणि तिने एक मोठा, ओघळणारा, लालभडक घास पानात गुंडाळून काकांसमोर धरला. काकांनी आ वासला आणि घास गट्ट केला. शर्टावर थेंब पडला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलगी हसली, आणि त्या हसण्यासाठी काकांनी हॉटेलातली सगळी चटणी अंगावर ओतून घेतली असती.

तिथल्या तिथे लग्न पक्कं झालं. आनंदाच्या भरात काकू डॉक्टरांना म्हणाल्या, की पहिलं आमंत्रण तुम्हालाच, जोडीने यायचं.

"येणार म्हणजे काय," डॉक्टर म्हणाले, कोटाची कॉलर नीट करत. "हाच पूर्ण सूट घालून येतो. तेवढी पँट वेळेवर द्या म्हणजे झालं."

डॉक्टर आपल्या टेबलाकडे गेले. मग काका मास्तरांच्या कानाशी लागले. "आता आपण काय घालायचं?"

मास्तरांनी काकांच्या खांद्यांचा, मग छातीचा नजरेनेच अंदाज घेतला.

"एका वकिलांचा काळा सूट आलाय शिवायला," ते म्हणाले. "तुम्हाला चपखल बसेल. फक्त त्यांना लग्नाला बोलवू नका."